शहर वसवलं, तलवार खुपसली: शब्द एकच

निबंध तपासताना माझं लाल पेन सगळ्यात जास्त चालतं ते पुन्हा पुन्हा आलेल्या शब्दावर. एका परिच्छेदात ‘ठेवलं’ तीनदा आलं की दोनदा गोल करायचा, समासात ‘पुनरुक्ती टाळा’ असं लिहायचं आणि अर्धा गुण कापायचा. बी.एड.ला आम्हाला हेच शिकवलं. उर्दूच्या तासालाही तेच. उर्दूत एखादा शब्द परत येण्याला ‘तकरार’ म्हणतात. तोच शब्द मराठीत येऊन ‘तक्रार’ झाला, आणि आम्ही शिक्षक त्याच्याशी तसंच वागतो.

या सवयीबद्दल पहिल्यांदा शंका आली ती एक लॅटिन महाकाव्य वाचताना. व्हर्जिलचं ‘एनीड’. मला लॅटिन येत नाही. माझ्याकडे ‘लोब’ मालेतली लाल कव्हरची प्रत आहे, डाव्या पानावर लॅटिन आणि उजव्या पानावर इंग्रजी. शाळेतल्या मुलांसारखं बोट ठेवून, कोश उघडून जेवढं जमेल तेवढं डावीकडे बघायचं. असं बघता बघता एक साधं क्रियापद सापडलं: ‘कॉन्डेरे’.

हा शब्द काव्यातल्या पाचव्याच ओळीत येतो. ट्रॉय जळून गेलं, ईनियस माणसं घेऊन समुद्रावर भटकला, युद्धं लढला, कशासाठी? एक शहर वसवण्यासाठी. त्या ‘वसवणं’साठी हे क्रियापद. रोमन लोकांना ते ओळखीचं होतं. लिव्हीच्या इतिहासाच्या नावातच ‘शहर वसवल्यापासून’ असं आहे आणि तिथेही हाच शब्द आहे.

आता शेवटाकडे जा. बारावा सर्ग, 952 ओळींचा. टर्नस जखमी होऊन पडला आहे, हात पुढे करून दया मागतो आहे, आणि ईनियसचा हात थांबलेला आहे. सहाव्या सर्गात बापाच्या आत्म्याने सांगितलेलं असतं की रोमन माणसाने हरलेल्याला सोडून द्यावं. सोडेल असं वाटतं. तेवढ्यात टर्नसच्या खांद्यावर पट्टा दिसतो. ईनियसच्या भरवशावर लढाईत पाठवलेल्या, टर्नसने मारलेल्या कोवळ्या पॅलसचा पट्टा. ईनियसचा तोल जातो आणि तो तलवार टर्नसच्या छातीत घालतो. ओळ 950. क्रियापद: कॉन्डेरे.

म्हणजे पाचव्या ओळीत शहरासाठी आलेला शब्द शेवटून तिसऱ्या ओळीत छातीसाठी आला. आणि मधल्या जवळपास दहा हजार ओळींत ज्या शहराचं वचन दिलं ते वसतच नाही! काव्य टर्नसच्या मरणावर थांबतं. व्हर्जिल इ.स.पू. 19 मध्ये वारला तेव्हा त्याचा शेवटचा हात फिरायचा राहिला होता हे खरं, पण हे दोन टोकांचे शब्द चुकून जुळले असं मला वाटत नाही.

या शब्दाचा मूळ अर्थ अगदी घरगुती आहे, नीट आत ठेवणं. धान्य साठवणं, तलवार म्यानात घालणं, लपवणं, मुडदा पुरणं, सगळं यात येतं. इंग्रजीतला ‘अ‍ॅब्स्कॉन्ड’, आपल्या बातम्यांतला ‘फरार’, याच घरातला. भाषाशास्त्रज्ञ या क्रियापदातला ‘डेरे’ संस्कृत ‘धा’ धातूशी जोडतात. आता मराठीत बघा: निधान म्हणजे ठेवा, समाधी म्हणजे एका अर्थी कबर, शरसंधान म्हणजे बाण जोडून नेम धरणं. तिन्हींत तोच ‘धा’. लॅटिनने एका क्रियापदात कोंबलेलं आपल्याकडे तीन शब्दांत विखुरलेलं आहे.

व्हर्जिल हे सगळे अर्थ वापरतो. दुसऱ्या सर्गात ग्रीक सैन्य बेटाआड दडतं, तिथे हा शब्द. तिसऱ्या सर्गात ईनियस थ्रेसच्या किनाऱ्यावर पहिली वस्ती उभारायला घेतो. झुडूप उपटतो तर मुळांतून रक्त येतं आणि जमिनीखालून आवाज. तो पॉलिडोरस, प्रायमचा मुलगा, सोन्यासाठी मारून तिथेच टाकलेला. मग त्याचं रीतसर दफन होतं, आणि त्या दफनाला हाच शब्द. गाव राहिलं, कबर झाली. सहाव्या सर्गात तर एकाच सर्गात दोनदा: आधी साथीदाराला मातीत ठेव असं भविष्यवेत्ती सांगते, आणि पुढे ऑगस्टस सुवर्णयुग ‘स्थापील’ असं बापाचा आत्मा सांगतो. गंमत म्हणजे आधीच्या पिढीतल्या लुक्रेशियसने ‘युग’ आणि हे क्रियापद जोडून वापरले, ते युगं जगून संपवणं या अर्थाने. मग ऑगस्टस सुवर्णयुग सुरू करणार की मिटवणार? अ‍ॅक्टियमचं यादवी युद्ध इ.स.पू. 31 मधलं, सत्ता ऑगस्टसच्या हातात, आणि कवी त्याच्याच वर्तुळातला. उघड बोलायची सोय नाही. शब्दावर सोपवायची आहे. शॅरन जेम्स या अभ्यासक बाईंनी 1995 साली या एकाच क्रियापदावर अख्खा लेख लिहिला, तो मला यामुळेच पटला.

भाषांतरात काय होतं? ड्रायडनने 1697 मध्ये सुरुवातीला शहर ‘बांधलं’ आणि शेवटी तलवार ‘घुसवली’. इंग्रजी म्हणून दोन्ही चोख. पण वाचकाला कळायची सोय नाही की हे एकच आहे. आमच्या समासातली सूचना त्याने तंतोतंत पाळली! रॉबर्ट फॅगल्सने 2006 मध्ये शेवटी ‘रोवतो’ या अर्थाचा शब्द घेतला, तलवार जमिनीत खांब रोवावा तशी. निदान शहराची आठवण यावी इतकं तरी त्यात आहे. सुरुवातीला मात्र त्याचाही शब्द वेगळा.

माझं म्हणणं असं की इथे प्रवाहीपणा हा गुण नाही. मूळ कवीने मुद्दाम परत आणलेला शब्द भाषांतरकार बदलतो तेव्हा तो शोभा वाढवत नाही, साक्ष पुसतो. रोमची स्थापना आणि शरण आलेल्याचा खून एकाच शब्दाने सांगितला गेला, ही त्या काव्यातली सगळ्यात जड गोष्ट आहे. ती कुठल्या भाषणात नाही, कुठल्या देवाच्या तोंडी नाही. ती फक्त त्या तकरारीत आहे.

मराठीत प्रयत्न करून पाहिला. पहिल्यांदा ‘गाडणं’ सुचलं. झेंडा गाडतात, खांब गाडतात, मुडदा गाडतात. उर्दूत तर खेमाही गाडतात आणि नजरही. पण ‘शहर गाडलं’ म्हटलं की शहर संपलंच. मग ‘रोवणं’. मुहूर्तमेढ रोवतात, त्यामुळे ‘शहराची मेढ रोवेपर्यंत’ असं सुरुवातीला बसतं. शेवटी ‘छातीत तलवार रोवली’, तेही बसतं, थोडं खडबडीत, पण बसतं. अडलो पॉलिडोरसपाशी. मेलेल्याला कोणी रोवत नाही. तिथे मला ‘दफन’च लिहावं लागलं, आणि त्या जागी धागा तुटला. अजून दुसरा शब्द सापडलेला नाही.