नवा डेस्कटॉप की ‘रिफर्बिश्ड’? डब्ब्याची किंमत नंतर, आधी प्रोसेसरची पिढी विचारा

केज : तालुक्याच्या गावातल्या एका कॉम्प्युटर दुकानात टेबलावर दोन डब्बे शेजारी शेजारी मांडलेले. दोन्ही काळे, दोन्ही पुसून चकाचक. दोन्हीवर विंडोज ११ चालू. एकाची किंमत नऊ हजार, दुसऱ्याची सतरा हजार. पलीकडे खोक्यात नवा कोरा डेस्कटॉप, तो अडतीस हजार. समोर उभा असलेला गिऱ्हाईक म्हणजे जवळच्या गावात सेवा केंद्र चालवणारा तरुण.

‘‘दादा, दोन्हीत आय-फाइव्हच हाय, एसएसडी हाय, विंडोज पण अकराच हाय. मग आठ हजाराचा फरक कशाचा?’’ त्याचा प्रश्न सरळ होता. दुकानदार म्हणाला, ‘‘हा थोडा जुना, तो थोडा नवा. काम दोन्ही करतेत.’’

उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. हाच अर्धवटपणा सध्या गावोगावच्या सेवा केंद्रचालकांना, पोरांना शिकवायला कॉम्प्युटर घेणाऱ्या पालकांना आणि छोट्या पतसंस्थांना महागात पडू शकतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातलं सोयाबीन आणि कापूस गेला. हातात पैसा कमी आणि ऑनलाइन कामं मात्र जास्त, अशा वेळी सौदा चुकला तर दुसऱ्यांदा घ्यायची ऐपत राहत नाही.

एवढे जुने कॉम्प्युटर आले कुठून?

शहरातल्या मोठ्या कंपन्या, बँका, कॉल सेंटर यांचे कॉम्प्युटर साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलले जातात. बऱ्याच ठिकाणी ते भाड्याने घेतलेले असतात. मुदत संपली की शेकड्यांनी एकदम बाहेर पडतात. व्यापारी ते लॉटने घेतात, धूळ काढतात, हार्डडिस्क काढून एसएसडी टाकतात आणि ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून असा माल जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या दुकानांपर्यंत येतो.

यात भर पडली विंडोज १० ची. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार बंद केला. म्हणजे तेव्हापासून सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले. घरगुती वापरासाठी नाव नोंदवणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढीचे अपडेट मिळतात, तेवढीच सवलत. विंडोज ११ साठी कंपनीने घातलेल्या अटी कडक आहेत. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर, एएमडीचा असेल तर साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढचा, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. त्याखालच्या मशीन कंपन्यांना नकोशा झाल्या, आणि त्या स्वस्तात खाली सरकल्या.

नऊ हजाराचा डब्बा त्यातलाच होता. चौथ्या पिढीचा, म्हणजे २०१३-१४ च्या सुमाराचा प्रोसेसर. मग त्यावर विंडोज ११ कसं चाललं? अटी तपासणारी पायरी चुकवून ते टाकता येतं, आणि अनेक ठिकाणी तसंच टाकलं जातं. चालतं पण. मात्र अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही, असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेलं आहे. आज चाललेलं एखाद्या मोठ्या अपडेटला अडकलं तर तक्रार करायला जागा नाही. त्यामुळे ‘विंडोज ११ टाकून दिलंय’ हा मशीन नवीन असल्याचा पुरावा धरू नये.

नंबर वाचायला शिका

हे ओळखणं अवघड नाही. सेटिंगमध्ये सिस्टीम आणि त्यात अबाउट उघडलं की प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं. इंटेल कोअर मालिकेत आय-फाइव्हच्या पुढे चार आकडी नंबर असेल तर पहिला आकडा ही त्याची पिढी. ४५७० म्हणजे चौथी, ६५०० म्हणजे सहावी, ८५०० म्हणजे आठवी. पाच आकडी असेल तर पहिले दोन आकडे बघायचे. १२१०० म्हणजे बारावी.

‘आय-थ्री पेक्षा आय-फाइव्ह भारी’ हे गावात पक्कं बसलंय. एकाच पिढीत ते बरोबर आहे. पण बाराव्या पिढीचा आय-थ्री हा चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हपेक्षा कितीतरी वेगवान असतो. बैलाचं वय दात बघून धरतात, तसं इथं हा नंबर बघून धरायचं.

नवा महाग का होतोय?

नवा घ्यावा म्हटलं तर दुसरी अडचण. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जोरात चढले. एआयसाठी जगभर मोठमोठी डेटा सेंटर उभी राहत आहेत, त्यांना लागणारी महागडी मेमरी बनवण्यात कारखाने गुंतले आणि साध्या कॉम्प्युटरची रॅम कमी पडू लागली. मायक्रॉन या मोठ्या कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये आपला ‘क्रुशियल’ हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. गावाकडची दुकानं असेंबल कॉम्प्युटरमध्ये हीच रॅम, हीच एसएसडी टाकत आली आहेत.

त्यात कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी. नोंदणीकृत व्यापाऱ्याला तो वळता करून घेता येतो, पण नोंदणी नसलेल्या छोट्या सेवा केंद्राला तो खिशातूनच जातो. जुन्या मालाच्या व्यापारात डीलरला फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर जीएसटी भरण्याची सोय आहे, त्यामुळेही भावातली दरी वाढते.

वर्षाचा हिशेब

टेबलावरच्या तीन किमती आणि अंदाजाने धरलेलं आयुष्य असा हिशेब मांडून बघू. चौथ्या पिढीचा नऊ हजाराचा डब्बा कसाबसा दोन वर्षं काढेल असं धरलं, तर वर्षाला साडेचार हजार पडतात. आठव्या पिढीचा सतरा हजाराचा चार वर्षं धरला, तर वर्षाला सव्वाचार हजार. नवा अडतीस हजाराचा आठ वर्षं चालला, तर वर्षाला पावणेपाच हजार.

तिन्ही जवळपास सारखेच पडले. म्हणजे सगळ्यात स्वस्त दिसणारा डब्बा स्वस्त नाही, आणि नवा वाटतो तेवढा महाग नाही. फरक पडतो तो दोन ठिकाणी. आज हातात रोख किती आहे, आणि मशीन एक दिवस बंद पडली तर नुकसान किती.

घरच्या पोराची मशीन चार दिवस बंद राहिली तर बिघडत नाही. सेवा केंद्राचं तसं नाही. पीक विम्याची शेवटची तारीख, लाडकी बहीणची ई-केवायसी, ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक, अकरावीचा ऑनलाइन प्रवेश ही सगळी कामं तारखेला बांधलेली. शेवटच्या दोन दिवसांत दारात रांग लागते. त्या दिवशी एसएमपीएस उडाला तर केंद्रचालकाची कमाई तर बुडतेच, शिवाय एखाद्या आजीला ऊन डोक्यावर घेऊन तालुक्याला जावं लागतं. अर्ज राहिला तर पैसेही राहतात.

कोणी काय घ्यावं?

विद्यार्थ्यासाठी, टायपिंगच्या सरावासाठी, घरच्या हिशेबासाठी आठव्या पिढीचा रिफर्बिश्ड पुरेसा आहे. आठ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी एवढं असावं. त्याहून जुनी मशीन फुकटात मिळाली, तर तिच्यावर लिनक्स टाकून पोरांना शिकायला वापरता येते. सी-डॅकने तयार केलेलं ‘बॉस’ लिनक्स भारतीय भाषांसह मोफत आहे. पण सेवा केंद्राला हा मार्ग घेण्यात जोखीम आहे, कारण थंब मशीनचं सॉफ्टवेअर बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच येतं.

पतसंस्था, सोसायटी, ग्रामपंचायत यांनी नवाच घेणं शहाणपणाचं. लोकांच्या पैशाची नोंद त्यावर असते, ऑडिटला पक्कं बिल आणि वॉरंटी लागते. आठव्या पिढीची मशीन ही विंडोज ११ च्या यादीतली सगळ्यात खालची पायरी आहे. उद्या कंपनीने यादी वर सरकवली तर पहिली तीच बाहेर पडेल. दहा वर्षांचा विचार करणाऱ्या संस्थेने त्या पायरीवर उभं राहू नये.

सेवा केंद्रासाठी तिसरा मार्ग आहे, आणि तो दुकानदार सहसा सुचवत नाही. एका नव्याच्या पैशात आठव्या पिढीचे, एकाच मॉडेलचे दोन डब्बे घ्यायचे. सतरा-सतराचे चौतीस हजार होतात. एक रोजच्या कामाला, एक तयार ठेवायचा. कंपन्यांतून येणाऱ्या लहान आकाराच्या डब्ब्यांत एसएमपीएस आणि मदरबोर्ड त्या त्या कंपनीच्या खास मापाचे असतात. तालुक्यात बाजारचा साधा एसएमपीएस त्यात बसत नाही, आणि शहरातून मागवायला दिवस जातात. दोन्ही एकाच मॉडेलचे असले तर एकाचा भाग दुसऱ्याला लागतो. दोन वेगळ्या मॉडेलचे घेतले तर हा फायदा निघून जातो.

आणि ज्यांच्याकडे आधीच आठव्या पिढीचा किंवा नवा कॉम्प्युटर आहे पण हळू चालतो, त्यांनी काहीच घेऊ नये. हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली तरी मशीन बदलल्यासारखी वाटते.

पैसे मोजण्याआधी

दुकानातच मशीन इंटरनेटला जोडून सुरुवातीपासून सेटअप करायला लावा. काही मशीन जुन्या कंपनीच्या खात्याशी बांधलेल्या असतात. नेट जोडलं की त्या कंपनीचा लॉगिन मागतात आणि पुढे जात नाहीत. बायोसला पासवर्ड आहे का तेही बघा.

मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप मशीन विंडोज ११ ला पात्र आहे की नाही ते सांगतं. एसएसडी किती झिजली आहे ते ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’त दिसतं. मशीन बंद करून प्लग काढा, थोड्या वेळाने परत लावा. तारीख-वेळ मागे गेली असेल तर आतला नाण्याएवढा सेल संपलाय. सेल स्वस्त आहे, पण घड्याळ चुकलं की सरकारी पोर्टल उघडत नाही आणि दोष नेटला दिला जातो.

बिलावर मॉडेल, सिरीयल नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. तोंडी वॉरंटी बिघाडाच्या दिवशी कोणाला आठवत नाही. यूपीएस आणि अर्थिंगचे पैसे हिशेबात धरा. गावातल्या कमी-जास्त व्होल्टेजपुढे नवा काय अन् जुना काय, दोन्ही सारखेच.

जुना कॉम्प्युटर बदलीत देताना त्यातली हार्डडिस्क काढून स्वतःजवळ ठेवा. सेवा केंद्राच्या हार्डडिस्कमध्ये अख्ख्या गावाचे आधार, पासबुक आणि सातबारे असतात. नुसतं फॉरमॅट मारलं तरी त्यातलं बरंच परत काढता येतं. तो माल भंगारात जाऊन कोणाच्या हाती लागेल याचा नेम नाही.

सौदा काय झाला?

त्या तरुणाने सेटिंग उघडून दोन्ही डब्ब्यांचे नंबर बघितले. नऊ हजाराचा बाजूला सारला. सतरा हजारवाल्याच्या मॉडेलचा अजून एक आहे का, असं विचारलं. दुकानदाराने आतून खोकं काढलं. थोडी घासाघीस झाली आणि दोन्ही मिळून तेहतीस हजारावर सौदा मिटला. निम्मे रोख, निम्मे ऊस बिल आल्यावर. बिलावर दोन्हीचे सिरीयल नंबर आणि सहा महिन्यांची वॉरंटी लिहून घेतली.

‘‘दोन कशाला रे बाबा, गिऱ्हाईक तर एका वेळेला एकच असतंय,’’ दुकानात बसलेल्या एका मामांनी विचारलं. तरुण म्हणाला, ‘‘मामा, एकतीस जुलैला या केंद्रावर. मग सांगतो कशाला ते.’’