दिसायला एक, गुण वेगळे

संडासची तपासणी केली आणि रिपोर्टवर ‘अमिबा सिस्ट’ असे लिहून आले, की घरात घबराट होते. कामावर खाडा होतो, गोळ्यांना पैसे जातात. म्हणून या रिपोर्टचा खरा अर्थ समजून घेतला पाहिजे.

माणसाच्या आतड्यात राहणारे दोन अमिबा सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारखे दिसतात. एक एंटामिबा हिस्टोलिटिका. रक्ती आव आणि यकृतात गळू होणे, ही त्याची करणी. दुसरा एंटामिबा डिस्पार. तो पोटात राहतो, पण सहसा आजार करीत नाही. हे दोन वेगळे आहेत, असे फ्रेंच शास्त्रज्ञ एमिल ब्रुम्प्ट यांनी १९२५ सालीच सांगितले होते. पण डोळ्यांना फरक दिसेना, म्हणून ते फारसे कोणी मानले नाही. १९७८ साली दोघांची विकरे, म्हणजे एक प्रकारची प्रथिने, तपासली गेली आणि फरक उघड झाला. १९९३ साली डायमंड व क्लार्क यांनी या दोन जाती रीतसर वेगळ्या मांडल्या.

आतड्याचे अस्तर कुरतडायला मदत करणारे एक विकर हिस्टोलिटिकाजवळ असते. डिस्पारजवळ ते कामाच्या स्थितीत नसते.

हिस्टोलिटिकाचेही सगळे वाण सारखे नाहीत. मेक्सिकोत १९६७ साली आमांशाच्या रुग्णाकडून मिळालेला एक वाण जहाल आहे. काहीच त्रास नसलेल्या माणसाकडून मिळालेला ‘रहमान’ वाण मवाळ आहे. २००६ साली दोघांची प्रथिने ताडून पाहिली, तेव्हा रहमानमध्ये पेरॉक्सिरेडॉक्सिन हे प्रथिन कमी आढळले. आपले शरीर अमिबावर जो मारा करते, त्यापासून हे प्रथिन त्याचा बचाव करते.

मग आपण काय करावे? काहीही त्रास नसताना नुसता रिपोर्ट पाहून मेडिकलमधून गोळ्या आणू नयेत. अमिबा कोणता, हे प्रतिजन किंवा पीसीआर तपासणीने कळते. त्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. डिस्पार असेल तर त्यावर औषध लागत नाही.

मात्र संडासात रक्त-आव पडत असेल, पोटात मुरडा येत असेल, किंवा ताप येऊन उजव्या बरगडीखाली दुखत असेल, तर एक दिवसही दवडू नये. मेट्रोनिडॅझोलने बरे वाटले तरी आतड्यातल्या सिस्ट मागे राहू शकतात. त्यासाठी डॉक्टर दुसरे औषध देतात, तेही पूर्ण घ्यावे. नाहीतर त्याच घरात दुसऱ्याला लागण होते.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनला या सिस्ट दाद देत नाहीत. पाणी उकळले की त्या मरतात. तेव्हा पाणी उकळून प्या. संडासहून आल्यावर आणि भाकरी थापण्याआधी साबणाने हात धुवा. अमिबा कुठलाही असो, त्याची वाट इथेच अडते.