आधी पत्ता नीट वाचावा : 'मोरोविंड' नव्याने खेळू पाहणाऱ्यांसाठी

गेल्या पावसाळ्यात एम.ए.च्या पहिल्या वर्षाची आमची एक विद्यार्थिनी मुलुंडहून बोरिवलीला आमच्याकडे आली ती तक्रार घेऊनच. 'मोरोविंड' ह्या २००२ सालच्या संगणकीय खेळाविषयी आम्ही कधीतरी वर्गात, बखरींवर बोलता बोलता, विषयांतर म्हणून चार वाक्ये बोललो होतो. तिने ती मनावर घेतली, खेळ विकत घेतला आणि वीस मिनिटांत बंद केला. "सर, मी एका उंदराला सात वेळा खंजीर मारला. खंजीर त्याच्या अंगातून आरपार जाताना दिसतो, आणि लागत मात्र नाही. हा खेळ बिघडलेला आहे." लीळाचरित्र पहिल्यांदा हाती घेणारे विद्यार्थीही जवळपास हेच सांगतात. भाषा मराठी दिसते, डोळा ओळींवरून आरपार जातो, आणि लागत काही नाही.

खंजिराचे उत्तर सोपे आहे, ते आधी देऊन टाकू. खेळाच्या आरंभी आपण कैदी म्हणून जहाजातून सेडा नीन नावाच्या बंदरात उतरतो आणि एका सरकारी कचेरीत आपली नोंद होते. नाव, वंश, पेशा, जन्मनक्षत्र असे सगळे विचारले जाते. पेशा ठरवताना सत्तावीस कौशल्यांपैकी पाच मुख्य आणि पाच दुय्यम निवडायची असतात. आमच्या विद्यार्थिनीने कुऱ्हाड निवडली होती. पुढच्या खोलीत टेबलावर एक खंजीर सापडला, तो तिने उचलला, आणि त्यानेच ती लढू लागली. खेळ पडद्यामागे फासे टाकत असतो. शस्त्र हाती आहे म्हणून ते चालवता येते असे तो मानत नाही. ढोबळ हिशेब सांगायचा तर कौशल्य १० असेल तेव्हा चार घावांतला जेमतेम एक लागतो, ४० असेल तेव्हा तिनांतले दोन. त्यात दमाचा भाग आहे. धावत गेल्याने हिरवी पट्टी रिकामी होते आणि रिकाम्या पट्टीने मारलेले घाव आणखी हुकतात. म्हणून नवख्याने तीन गोष्टी कराव्यात. पेशा स्वतः घडवावा. ज्या शस्त्राने लढायचे तेच मुख्य कौशल्यांत घ्यावे. आणि शत्रूजवळ चालत जावे, धावत नव्हे. एवढ्याने उंदीर मरतो.

पण इतक्यावर सल्ला संपवणारे लोक आम्हांला पटत नाहीत, आणि ह्या टिपणाचे कारण तेच आहे. आज कोणी नवखा विचारू लागला की त्याला दोन उपदेश हमखास मिळतात. एक, आधी शंभर-दीडशे सुधारणा बसवून घे, म्हणजे खेळ 'स्कायरिम'सारखा दिसेल आणि वागेल. दोन, बाजूला मार्गदर्शिका उघडी ठेव, प्रत्येक पायरीवर काय करायचे ते तीत लिहिले आहे. पहिला उपदेश म्हणजे जुन्या पोथीचे आजच्या मराठीत सुलभ रूपांतर, आणि दुसरा म्हणजे गाईड. दोन्हींचे उपयोग आम्ही जाणतो. परंतु ह्यातून गेलेल्या विद्यार्थ्याने मूळ ग्रंथ वाचला, असे आम्ही म्हणणार नाही.

आमचा ह्या खेळाशी परिचयच मुळात उशिरा झाला, आणि त्याला उपनगरांचा एक छोटा इतिहास आहे. हा खेळ निघाला त्या काळात घाटकोपर, अंधेरी, बोरिवली इथल्या गल्ल्यांतल्या सायबर कॅफेंत तासाचे पैसे मोजून खेळले जाई. तिथे 'काउंटर-स्ट्राइक' चाले, 'एज ऑफ एम्पायर्स' चाले. जे तासाभरात संपते आणि चार मित्रांत ओरडत खेळता येते ते सगळे चाले. 'मोरोविंड' चालत नसे, कारण तो शंभर तासही कमी पडावेत असा खेळ, आणि त्यातला पहिला तास कचेरीत अर्ज भरण्यात आणि चिखलातून चालण्यात जातो. घाटकोपरच्या एका कॅफेत आम्ही हट्टाने तो सुरू केला होता. तीन रविवार गेल्यावर चौथ्या रविवारी पाहतो तर यंत्र साफ केलेले आणि आमचा जतन केलेला सगळा प्रवास पुसलेला. चालकाचा दोष नव्हता, व्हायरस वाढले की तो सगळेच पुसत असे. दीर्घ कथनाला स्वतःची खोली लागते, हे कादंबरीविषयी म्हटले जाते. आम्हांला ते तिथे कळले.

आता पत्त्यांविषयी. 'स्कायरिम' २०११ चा. त्याच्या आणि २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'च्या पडद्यावर बाण असतो, तो जिकडे दाखवील तिकडे जावे. 'मोरोविंड'मध्ये कामाच्या ठिकाणी नेणारा बाण नाही. माणसे तोंडी पत्ता सांगतात आणि तो रोजनिशीत लिहिला जातो : दक्षिणेला जा, पूल ओलांड, डाव्या हाताची वाट धर. मुंबईच्या उपनगरांत वाढलेल्याला ही भाषा शिकवावी लागू नये. इथल्या पोस्टाच्या पत्त्यांतही 'समोर', 'मागे', 'जवळ' हे शब्द सोसायटीच्या नावाइतकेच अधिकृत असतात. २०२२ च्या नोव्हेंबरात अंधेरीचा गोखले पूल बंद झाला, तेव्हा बाणावर विसंबणारे आम्ही सगळेच पुन्हा काही काळ माणसांना विचारत फिरलो. विचारत फिरताना वस्ती जशी कळते तशी बाणामागून जाताना कळत नाही. खेळाच्या कर्त्यांना हे ठाऊक होते की त्यांच्याकडे दुसरा इलाज नव्हता, ह्यावर वाद होऊ शकेल. बेथेस्डाच्या ह्या खेळाचा प्रमुख रचनाकार केन रोल्स्टन टेबलाभोवती बसून, तोंडाने बोलून खेळायच्या खेळांतून आलेला होता, एवढे मात्र इथे नोंदवण्याजोगे आहे.

ह्या पत्त्यांतले काही चुकीचेही आहेत. कथेच्या मुख्य धाग्यातले पहिलेच मोठे काम आर्कंगथँड नावाच्या भग्नावशेषातून एक छोटी पेटी आणण्याचे आहे. दार उघडण्यासाठी थोड्या अंतरावरच्या नळावरची मूठ फिरवावी लागते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. आत गेल्यावर ती पेटी एका फळीवर, चार भांड्यांसारखीच, मुकाट पडलेली असते. तिच्यापुढून तासन् तास फिरलेल्या लोकांची संख्या जगात मोठी असावी, आम्ही त्यांतले. आमच्या विद्यार्थिनीला आम्ही एवढेच सांगितले की मूठ शोध, आणि फळ्या नीट पाहा. ह्याहून अधिक सांगणे म्हणजे तिची संध्याकाळ हिरावून घेणे झाले असते.

मग मदत घ्यायचीच नाही काय? असे सोवळे आम्ही पाळत नाही. मराठी वाङ्मयाच्या आरंभीचा सर्वांत मोठा ग्रंथ ही स्वतःच एक टीका आहे, तेव्हा टीकेला नाक मुरडण्याचा अधिकार मराठीच्या माणसाला नाही. 'अनऑफिशियल एल्डर स्क्रोल्स पेजेस' हा १९९५ पासूनचा, वाचकांनीच उभारलेला कोश अत्यंत काटेकोर आहे, आणि एखादे ठिकाण दोन संध्याकाळी शोधूनही सापडले नाही तर तो जरूर उघडावा. फरक क्रमाचा आहे. अडल्यावर उघडली जाते ती टीका, आणि अडण्याआधीच उघडले जाते ते गाईड. परीक्षेच्या चार दिवस आधी कादंबरीचा सारांश पाठ करणारा विद्यार्थी आणि प्रत्येक पायरी वाचून चालणारा खेळाडू ह्यांच्या हाती शेवटी कथानक तेवढे उरते. 'मोरोविंड'चे कथानक, खरे सांगायचे तर, फार असामान्य नाही. एक परका येतो, तो भाकितातला वीर ठरतो, तांबड्या पर्वतातल्या दुष्टाला मारतो.

असामान्य आहे ती ह्या कथानकाविषयीची शंका. पूर्वी नेरेव्हार नावाचा सेनानी तांबड्या पर्वताच्या लढाईत मेला. तो कसा मेला ह्याचे वृत्तांत खेळातल्या पुस्तकांत विखुरलेले आहेत, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. देवळाचे अधिकृत म्हणणे वेगळे, देवळाने दडवलेल्या कागदांतले वेगळे, राखेच्या प्रदेशातल्या भटक्या टोळ्यांच्या तोंडचे आणखी वेगळे. नेरेव्हार पुन्हा जन्म घेईल असे भाकीत आहे, आणि 'तो मीच' म्हणणारे तुमच्या आधी होऊन गेलेले आहेत, अपयशी ठरलेले. आता पानिपत आठवावे. १७६१ मध्ये भाऊसाहेब पडले. पण ते पडलेले नक्की कोणी पाहिले ह्याविषयी संशय राहिला, आणि त्या संशयातून तोतया उभा राहिला. त्याच्यामागे माणसे गेली, किल्ले गेले, आणि १७७६ मध्ये त्याचा शेवट झाला. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. 'मोरोविंड'चा नायक खरा अवतार की साम्राज्याने सोयीसाठी पाठवलेला तोतया, हे खेळ अखेरपर्यंत पक्के सांगत नाही. जन्माचा दिवस भाकिताशी जुळतो म्हणून ह्या कैद्याला निवडले, असे कागद सुचवतात. आणि जन्मनक्षत्र तर कचेरीत आपणच भरलेले असते! बखर शिकवणाऱ्या प्राध्यापकाला ह्याहून चांगले उदाहरण आम्ही सुचवू शकत नाही.

म्हणून आमचा आग्रहाचा सल्ला असा की वाटेत सापडणारी पुस्तके उघडावीत. ती शेकड्यांनी आहेत. बरीचशी सामान्य आहेत, काही तर रद्दीच. पण 'व्हिव्हेकची छत्तीस प्रवचने' म्हणून जो संच आहे, मायकेल कर्कब्राइडने लिहिलेला, तो सोडू नये. देव झालेल्या एका माणसाने स्वतःचे चरित्र स्वतः लिहिले आहे, गूढ आणि उद्दाम भाषेत, आणि त्याच मजकुरात सांकेतिक रीतीने एक कबुलीही पेरून ठेवली आहे. कोणती, ते आम्ही सांगत नाही. महानुभावांच्या सकळ लिपीची उकल विसाव्या शतकाच्या आरंभी झाली तेव्हा अभ्यासकांना काय वाटले असेल, ह्याची पुसट कल्पना त्या प्रवचनांतला संकेत सुटताना येते.

उणिवाही सांगायला हव्यात. गावोगावची माणसे तीच तीच वाक्ये बोलतात. एका गावात विचारलेले दुसऱ्या गावात विचारले तर शब्दही बदलत नाहीत. आकाशातून हल्ला करणारे क्लिफ रेसर नावाचे पक्षी संयमी माणसालाही शिव्या शिकवतील. आणि सर्वांत खरी अडचण इंग्रजीची आहे. हा खेळ ऐकायचा कमी आणि वाचायचा जास्त. त्यातले इंग्रजी दाट, मुद्दाम जुनाट आहे. आमच्या वर्गातली निम्मी मुले मराठी माध्यमातून आलेली असतात आणि त्यांना 'सुधारणा बसवा, मार्गदर्शिका उघडा' हे उपदेश मोहवतात ते आळसामुळे नव्हे. त्यांना आम्ही सांगतो की दोघांनी मिळून खेळा. एकाने चालावे, दुसऱ्याने कोश घेऊन वाचावे. मराठीत असा खेळ का नाही, हा प्रश्न मग आपोआप निघतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा देखणा खेळ काढला, पण तो धावण्या-लढण्याचा आहे, वाचण्याचा नाही. 'मंजुघोषा' आणि 'वीरधवल' ज्या भाषेत निघाल्या तिला अद्भुताचे वावडे असण्याचे कारण नाही. असो, तो वेगळा विषय.

एक राहिलेच. सेडा नीनहून बालमोराला जायला एका अजस्र किड्याच्या पाठीवरची सवारी मिळते आणि सगळे नवखे तीच घेतात. ती घेऊ नये, पहिल्या खेपेस चालत जावे. गावाबाहेर थोडे गेले की वरून किंकाळी ऐकू येते आणि एक जादूगार आभाळातून समोर येऊन आदळतो. त्याच्याजवळ रोजनिशी आहे आणि उड्डाणाची तीन भूर्जपत्रे. रोजनिशी आधी वाचावी. आमच्या विद्यार्थिनीने भूर्जपत्र आधी वापरले. पुढच्या आठवड्यात ती फोनवर हसत सांगत होती की उडी अप्रतिम होती, सारे बेट खाली दिसले, आणि खाली कसे यायचे ह्याचा विचार त्या जादूगारानेही केला नव्हता हे तिला हवेत असताना उमगले. पेटी अजून सापडलेली नाही.