किलोमीटरमागे दहा रुपये

“कोठवर पोहोचलात?” सायकलफेरीनंतरच्या सोमवारी कचेरीत पाऊल टाकले तेव्हा हाच प्रश्न मला अकरा जणांनी विचारला. पैसे किती जमले आणि ते कोणाला मिळणार, हे विचारणारा एकच निघाला, आणि तो आमचा शिपाई होता. माझे भांडण त्या अकरा जणांच्या प्रश्नाशी आहे.

प्रथम हकिगत. गेल्या हिवाळ्यात बंगळूर ते म्हैसूर अशी सुमारे १४० किलोमीटरांची सायकलफेरी निघाली होती. एका सरकारी रुग्णालयात डायलिसिसवर असलेल्या गरीब रुग्णांच्या औषधांसाठी व येण्याजाण्याच्या खर्चासाठी निधी जमवावा, हा तिचा हेतू. केंद्र सरकारच्या नोकराने सत्कार्यासाठीदेखील वर्गणी मागणे १९६४ च्या वर्तणूक नियमांतील १२ व्या नियमान्वये पूर्वपरवानगीवाचून वर्ज्य आहे, हे परमुलखात नोकरी करणाऱ्या आपणा मंडळींना सांगावयास नको. मी रीतसर अर्ज केला, परवानगी मिळविली आणि मग पत्रक काढले. त्या पत्रकात एक रकाना होता : ‘दर किलोमीटरमागे रुपये’. तो रकाना मीच आखला होता. पापाची कबुली आधीच दिलेली बरी.

एकवीस जणांनी त्यात दहाचा आकडा घातला. बहुतेक आपल्याच मराठी मंडळींपैकी, माझ्याहून वरच्या हुद्द्यावरचे. दोघांनी ‘८०-जी’ची पावती मिळेल काय, अशी पृच्छा केली. (नव्या करपद्धतीत त्या पावतीचा उपयोग नाही हे त्यांना माझ्याहून अधिक चांगले ठाऊक होते, पण सवय सुटत नाही.)

पहाटे साडेचारला निघालो. नव्या द्रुतगती मार्गावर २०२३ च्या ऑगस्टपासून सायकलला मज्जाव आहे. तेव्हा बाजूच्या सर्व्हिस रोडने, खड्डे चुकवीत जाणे आले. केंगेरीपर्यंत मी स्वतःला वीरपुरुष समजत होतो. बिडदीला तट्टे इडली खाल्ली, रामनगरचे खडक कोवळ्या उन्हात पाहिले, आणि हे सारे आपण उगाच अवघड मानीत होतो असे मनाशी म्हटलेही. चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांच्या दुकानांपुढे डाव्या गुडघ्यात कळ उठली ती पुढे राहिलीच नाही. मद्दूरला बोटे इतकी बधिर झाली होती की तेथला नावाजलेला वडा हातातून दोनदा निसटला. त्यानंतर प्रत्येक चढावर उतरायचे, सायकल हाताने रेटायची, उतार आला की पुन्हा सीटवर बसायचे, आणि बसताक्षणी सोललेल्या कातडीने ब्रह्मांड दाखवायचे. साठी उलटलेले एक कानडी गृहस्थ “बन्नि, बन्नि” म्हणत मला मागे टाकून गेले. अखेर मंड्याजवळ, शंभराव्या किलोमीटरवर, दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे आले व मी रस्त्याच्या कडेला बसलो. मागून येणाऱ्या स्वयंसेवकांच्या टेम्पोत आधी सायकल चढली, मग तिच्या मालकाला चढविण्यात आले.

मी हरलो, हे मान्य. त्याची लाज मला आहे, आणि ती माझी मी वाहीन. परंतु पुढे जे घडले त्याची लाज कोणाला?

एकवीसपैकी बारा जणांनी निमूटपणे चौदाशे रुपये दिले. नऊ जणांनी हजार दिले. एकाच्या पाकिटावर तर सुवाच्य अक्षरात मांडणी होती : १०० × १० = १,०००. लेखापरीक्षकाने मान डोलवावी असा चोख हिशेब! नऊ जणांचे प्रत्येकी चारशे, एकूण तीन हजार सहाशे रुपये माझ्या पोटऱ्यांनी बुडविले. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेस सुमारे चार तास, यंत्राला जोडलेला असतो. कारकुनाला मंड्याला गोळे आले म्हणून त्याचे रक्त तिसऱ्या तासाला शुद्ध होत नाही.

“ठरले होते तसे दिले,” असे हे गृहस्थ म्हणतात. ठरले होते कोणाशी? ज्याच्यासाठी पैसे मागितले त्याने तर कोणाशी काही ठरविले नव्हते. ज्याने माझे कष्ट मोजून पैसे दिले त्याने दान केलेच नाही. त्याने खेळाचे तिकीट काढले, आणि खेळ लवकर आटोपला म्हणून उरलेली रक्कम खिशात ठेवली. लंडन ते ब्रायटन ही अशीच एक फेरी आहे, चौपन्न मैलांची. तिच्या अखेरीस डिचलिंग बीकनचा चढ लागतो, आणि तेथे कितीक जण उतरून सायकल ढकलीत नेतात. आमच्या मित्रांच्या न्यायाने त्या चढाचे पैसे कापावयास हवेत.

याहून वजनदार आक्षेप दुसराच आहे : हवी कशाला सायकल, सरळ पैसे द्यावेत! यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. फेऱ्यांनाही खर्च असतो. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस ही एड्सग्रस्तांसाठीची ५४५ मैलांची प्रख्यात फेरी वाढता खर्च आणि घटते स्वार यांपायी २०२५ साली कायमची थांबली. पण मजजवळ एकोणतीस हजार चारशे रुपये असते तर मी सरळच दिले असते. वरिष्ठांच्या खोलीत शिरून पैसे मागण्याचे धैर्य कारकुनाला कोठून यावे? सायकलने मला ते निमित्त दिले. तिचा उपयोग तेवढाच, आणि तो थोडा नव्हे.

अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसन कॉलेजातले अध्यापन आटोपून हिंगण्याच्या आश्रमाकडे पायी जात, आणि त्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत. त्यांना कोणी मैलामागे पैसे दिल्याचे ऐकिवात नाही. देणाऱ्याने विधवांच्या शिक्षणाला दिले. अण्णांच्या पायांना नव्हे. आजही हे साधता येते. मॅसॅच्युसेट्समध्ये १९८० पासून कर्करोगाच्या संशोधनासाठी ‘पॅन-मॅस चॅलेंज’ नावाची फेरी निघते; तीत स्वार किमान रकमेची हमी आधीच देतो, आणि जमविण्यात तूट आली तर स्वतःच्या पदरची भरतो. तेथे तो कोठवर पोहोचला याच्याशी रुग्णाला कर्तव्य नाही.

तेव्हा ते तीन हजार सहाशे मी तीन पगारांतून भरले. शिपायाने शंभराची नोट दिली होती. तिचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडावा हे मला समजेना, म्हणून पत्रकाच्या तळाशी वेगळी ओळ आखली. पुढील वर्षीच्या पत्रकात ती एकच ओळ राहील, किलोमीटरचा रकाना नसेल. १२ व्या नियमाखालचा नवा अर्ज मी गेल्या आठवड्यात सादर केला आहे. तो ज्यांच्या टेबलावर पडून आहे ते त्या नवांपैकीच एक आहेत.