पासष्टीच्या अलीकडच्या बाया

पावसाळा तोंडावर आला होता. वेल्हे तालुक्यातल्या एका वाडीत रोजगार हमीच्या कामाची मागणी लिहून घ्यायला आम्ही बसलो होतो. (तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे. बायकांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे, म्हणून मीही तेच लिहिते.) पंधरा-सोळा जणींनी सह्या-अंगठे दिले. दाराशी बसलेल्या एक मावशी मात्र पुढे येईनात. "माझं नाव कशाला लिवता ताई? मागल्या साली गेले व्हते. म्हनले, म्हातारे घरी बस, पाय घसरला तर आमच्या गळ्यात यायचं." मग याच मावशी श्रावणबाळ योजनेचा अर्ज घेऊन तालुक्याला गेल्या. तिथं आधार कार्ड पाहिलं गेलं. जन्म १ जानेवारी १९६४. तुमचं वय बसत नाही, म्हणून परत पाठवलं.

पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्या रांगत होत्या, असं त्यांची आई सांगायची. धरण फुटलं १२ जुलै १९६१ रोजी. म्हणजे मावशी पासष्टीला टेकल्या आहेत, आणि कागदावर त्यांची पासष्टी २०२९ साली येणार आहे. एकाच बाईला एका ठिकाणी म्हातारी म्हणून परत पाठवलं आणि दुसऱ्या ठिकाणी तरुण म्हणून.

बेरोजगार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पदवीचं भेंडोळं घेतलेला मुलगा येतो. साठीला आलेली बाई बेरोजगार असू शकते, हे आपल्यालाही चटकन सुचत नाही. शिरवळ-खेड शिवापूर पट्ट्यात कारखान्यात राज्य विमा भरणाऱ्या कामगाराचं काम सुटलं, तर २०१८ पासूनच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून जास्तीत जास्त ९० दिवस काही रक्कम मिळू शकते. निवृत्तीच्या वयामुळे काम सुटलं असेल तर तीही नाही. आणि भातखाचरात राबणारी बाई त्या विम्यात कधी नव्हतीच.

तिच्यासाठी कायद्यात एकच जागा आहे, रोजगार हमी. महाराष्ट्राचा हमी कायदा १९७७चा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. त्यात काम न मिळाल्यास भत्ता होता, किमान दिवसाला एक रुपया! २००५ च्या केंद्रीय कायद्याने हे नीट बांधून दिलं. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळालं नाही, तर पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव आणि पुढे किमान निम्मा भत्ता. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे भत्ता ७८ रुपये आणि नंतर १५६. वयाची अट अठरा पूर्ण, एवढीच. वरची मर्यादाच नाही. उलट गावापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे कामावर पाठवायची वेळ आली, तर बायका आणि वयस्कर माणसांना जवळचं काम आधी द्यावं, असं मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं होतं. वयस्करांच्या कामाचं मोजमाप वेगळं धरावं, हेही होतं.

मग भत्ता मिळालेली एक तरी म्हातारी आम्हाला का भेटत नाही? कारण साधं आहे. भत्ता सुरू होतो मागणीच्या तारखेपासून, आणि तारीख ठरते पोचपावतीवर. "घरी बस" हे तोंडी सांगितलं जातं, नमुना चार भरलाच जात नाही, मग पोच कशाची मिळणार? शिवाय या कायद्यात अंगमेहनतीची मजुरी केंद्र देणार आणि भत्ता राज्याने आपल्या तिजोरीतून द्यायचा, अशी वाटणी होती. अशा व्यवस्थेत तारीख घातलेली पावती खालपासून वरपर्यंत कुणालाच नको असते. म्हातारीचं नाव तर सगळ्यांत आधी गळतं, कारण ती भांडत नाही. तिला स्वतःलाच वाटतं की आपण काम मागणं म्हणजे लोकांना अडचण.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस शंभरावरून सव्वाशे केले, भत्त्याची तरतूदही ठेवली. पण पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षातून साठ दिवस कामं बंद ठेवता येतील, असंही त्यात आहे. शेतीला मजूर मिळावेत हा हेतू. आता भोर-वेल्ह्यातली लावणी ज्यांनी पाहिली आहे त्यांनी सांगावं, गुडघाभर चिखलात दिवसभर वाकायला साठीच्या बाईला कोण बोलावतं? सावडीतसुद्धा तिच्याऐवजी सून मागतात. फार्महाऊसवाल्यांनाही झाडलोटीला तरण्या बायकाच लागतात. म्हणजे ते साठ दिवस तिला शेतातही काम नाही आणि हमीवरही नाही.

कुणी म्हणेल, आता लाडकी बहीण आहे ना. आहे, आणि महिन्याचे १,५०० रुपये बायकांच्या हाती येतात याचं मोल मी कमी करणार नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणींची औषधं त्यावर चालतात. पण पासष्टी झाली की ते पैसे बंद होतात आणि श्रावणबाळच्या दारात नव्याने उभं राहावं लागतं. लाडक्या बहिणीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. श्रावणबाळला दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं, नाहीतर उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत. हिशेब करून पाहा. हमीचे शंभर दिवस ३१२ रुपयांनी भरले तर ३१,२०० रुपये होतात. सरकारने कबूल केलेलं काम घरातल्या एखाद्याने पुरं केलं, की त्याच सरकारच्या लेखी म्हातारी गरीब उरत नाही! केंद्राने आपल्या वृद्धापकाळ पेन्शनचं वय २०११ मध्ये ६५ वरून ६० वर आणलं. श्रावणबाळची अट ६५ चीच राहिली.

आणखी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. लाडकी बहीण ही भाऊबीज आहे, भावाची मर्जी फिरली की संपली. श्रावणबाळ निराधाराला मिळतं. बेरोजगार भत्ता मात्र कामगाराला मिळतो, काम देऊ शकलो नाही म्हणून सरकारने भरायची ती भरपाई आहे. डोंगरातल्या रस्त्यांची खडी फोडलेल्या बाईला तिच्या उतारवयात कामगार म्हणायचं की निराधार, हा प्रश्न आहे.

आमच्याच एका सहकारी मैत्रिणीने विचारलं, "या वयात त्यांना खणायला लावणार का?" प्रश्न खोटा नाही. पण पाणी देणं, पोरं सांभाळणं, रोपवाटिकेत पिशव्या भरणं हीसुद्धा हमीचीच कामं आहेत. आणि तेही नसेल तर भत्ता द्या. विश्रांती घ्या असं सांगणारे चूल कशावर पेटवायची ते सांगत नाहीत.

आपल्याकडेही बोट वळतंच. आपण बचत गट बांधले, आणि हप्ता जमत नाही म्हणून ज्या गळाल्या त्यात साठीच्या किती होत्या, हे मी तरी कधी मोजलं नव्हतं. आता मोजते आहे. भोर आणि वेल्ह्यात पंचावन्नच्या पुढच्या बायकांची नावं मागणीच्या अर्जात सगळ्यांत वर घालायची, पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, आणि सोळाव्या दिवशी भत्त्याचा अर्ज द्यायचा, एवढं आम्ही ठरवलं आहे. ज्या तालुक्यांत हे आधीच करून पाहिलं असेल तिथल्या मैत्रिणींनी अनुभव जरूर कळवावा, विशेषतः अर्ज फेटाळताना काय कारण लेखी दिलं ते.

मावशींनी त्या दिवशी शेवटी अंगठा दिला. बोटं इतकी झिजली आहेत की ठसा तीनदा घ्यावा लागला. त्यांच्या नावाची पोच मिळायला दोन खेपा झाल्या आहेत, तिसरी सोमवारी.