अंगणवाडी आणि कुलूपबंद वर्ग

जून जवळ आला की नगरपालिकेच्या लहानशा शहरातील कारकून आपल्या तीन वर्षांच्या मुलाला घेऊन खाजगी बालवर्गाच्या दारी उभा राहतो. आपल्याच गल्लीत सरकारी अंगणवाडी आहे हे त्याला ठाऊक असते. पण ती खिचडीची जागा आहे, शाळा नव्हे, अशी त्याची समजूत झालेली असते. ही समजूत सर्वस्वी खोटी असती तर प्रश्न सोपा होता.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी ह्यांच्या जोडीने शाळापूर्व शिक्षणही तिच्या सेवांत होते. परंतु वजन किती वाढले, लस टोचली की नाही, हे नोंदवून वर पाठविता येते. गोष्ट ऐकताना मूल किती रमले ह्याला रकाना नाही. सेविकेचा दिवस मग रकान्यांमागे जातो; शिवाय सर्वेक्षणे आणि मतदारयाद्या आहेतच. एवढे करून तिला मिळते ते वेतन नव्हे, ‘मानधन’. डिसेंबर २०२३ व जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील सेविका संपावर होत्या. सुशिक्षित वर्गाला त्याची झळ लागली नाही, कारण त्याची मुले तेथे नव्हतीच.

कायदाही ह्या वयापाशी अडखळतो. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. त्याहून लहान बालकांसाठी राज्याने प्रयत्न करावा, एवढेच कलम ४५ म्हणते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील ११ वे कलमही शासनाला मुभा देते, सक्ती करीत नाही.

खेड्यात अंगणवाडीला निदान अंगण असते. शहरात ती पुष्कळदा भाड्याच्या एका खोलीत भरते: कोपऱ्यात वजनकाटा, भिंतीशी आहाराची पाकिटे, उरलेल्या जागेत मुले. आणि चार गल्ल्यांपलीकडे नगरपालिकेच्या मराठी शाळेचे वर्ग पटाअभावी कुलूपबंद! अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, शाळा नगरपालिकेची. किल्ली कोणी कोणाकडे मागावी? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा शिक्षणाचा एकच टप्पा मानला, अंगणवाड्या शाळांच्या आवारात आणण्याचा मार्गही सुचविला. किल्लीचा प्रश्न मात्र धोरणाने सुटत नाही.

अर्थात सरसकट स्थलांतर नको. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डीस काम आरंभिले. मूल बालवाडीपर्यंत येत नाही असे दिसले तेव्हा बालवाडीच त्यांनी वस्तीच्या अंगणात नेली. तीन वर्षांच्या मुलाला हमरस्ता ओलांडावयास लावणारी सुंदर इमारत त्याच्या कामाची नाही. म्हणून प्रत्येक नगरपालिकेने येत्या जूनपूर्वी आपल्या रिकाम्या वर्गांची, आणि त्यांपासून पाच मिनिटांच्या वाटेवर भरणाऱ्या अंगणवाड्यांची यादी सभेपुढे ठेवावी. त्या शाळेतील शौचालय एवढ्याशा मुलाला वापरता येते की नाही, हेही तीत लिहावे.