बारा वर्षांची वेणी

मैत्रिणींनो, आज मी तुम्हांला माझी एक चूक सांगणार आहे. शिकवणाऱ्या बाईनं स्वतःची चूक कबूल करायची म्हणजे जरा जडच जातं, पण ती सांगितल्याशिवाय पुढची हकिकत कळायची नाही.

ऑकलंडला आल्यापासून मी घराजवळच्या एका शाळेत आठवड्यातून तीन दिवस जाते. वाचनात मागं पडलेल्या मुलांना घेऊन बसायचं, एवढंच माझं काम. फेब्रुवारीत इथलं शाळेचं वर्ष सुरू झालं, तेव्हा माझ्या गटात बारा वर्षांचा एक मुलगा आला. अंगानं दणकट, बोलायला लाजाळू आणि पाठीवर कमरेपर्यंत लांब वेणी! मी पहिल्याच दिवशी हसत हसत म्हटलं, "अरे, हे केस कधी कापणार? मुलीच्या रांगेत बसवतील हं तुला!" सगळी मुलं खो खो हसली. तो मात्र हसला नाही. मान खाली घालून त्यानं पुस्तक उघडलं. मला वाटलं, विसरून जाईल. पण मुलं कुठली विसरायला!

इथं दरवर्षी ऑक्टोबरात निउए भाषेचा आठवडा साजरा करतात. त्या आठवड्यात हा मुलगा आपण होऊन वर्गापुढे उभा राहिला. सोबत आजी होती. तिच्या डोक्यावर केवड्याच्या जातीच्या पातींची, स्वतः विणलेली हॅट होती. "फाकाआलोफा लाही आतू," तो म्हणाला. म्हणजे त्यांचा नमस्कार.

निउए हे नाव मीही तोवर ऐकलं नव्हतं. न्यूझीलंडपासून सुमारे २,४०० किलोमीटरवर, पॅसिफिक महासागरातलं हे पोवळ्याचं बेट. नदी नाही, ओढा नाही. खडकांमधल्या खळग्यांत जी माती सापडेल तिच्यात अळू लावायचं. ऑकलंडहून विमानानं साडेतीन तासांत पोचता येतं, पण मध्ये तारीख बदलण्याची रेषा लागते, त्यामुळे शनिवारी निघालेला माणूस शुक्रवारी उतरतो! हे ऐकून मुलांना भारी गंमत वाटली.

मग त्यानं कॅप्टन कुकची गोष्ट सांगितली. १७७४ साली कुकनं तिथं उतरायचा तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा बेटावरच्या लोकांनी त्याला परतवून लावलं. त्यांची तोंडं लाल दिसली म्हणून ती रक्तानं माखलीत असं गोऱ्यांना वाटलं म्हणे. तो होता एका जातीच्या केळ्याचा लाल रस! पण कुकनं नकाशावर नाव घातलं 'रानटी बेट', आणि ते शंभराहून अधिक वर्षं चिकटून राहिलं. माझ्या आजीचं विडा खाऊन रंगलेलं तोंड माझ्या डोळ्यांपुढे आलं. तिला कोणी असं नाव ठेवलं असतं तर?

शेवटी त्यानं आपली वेणी पुढे घेतली. निउएच्या घराण्यांत मुलाचे केस जन्मापासून वाढवतात. तो वयात येऊ लागला की सगळे नातेवाईक जमवून ते कापायचे. याला म्हणतात 'हिफी उलू'. मुलींचे कान टोचतात, तोही असाच मोठा सोहळा. आपल्याकडे जावळ आणि कान टोचणं करतात ना, अगदी त्याच घरातलं वाटलं मला. एवढंच, की आपलं जावळ तान्ह्या बाळाचं, आणि त्यांचं जाणत्या मुलाचं. "हे केस माझे एकट्याचे नाहीत, सगळ्या घराचे आहेत," तो म्हणाला. बोलताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, पण माझे कान मात्र गरम झाले.

तास संपल्यावर मी आजीसमोरच त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मिस, तुम्हांला ठाऊक नव्हतं." आणि आठवड्यानं त्यानं माझ्या हातात आमंत्रण ठेवलं.

आता घरात प्रश्न पडला, पाकिटात किती घालायचे? आमचे हे म्हणाले, "तू त्याच्या आईलाच विचार." मी विचारलं. ती म्हणाली, "जमेल ते द्या. गेली कित्येक वर्षं आम्ही दुसऱ्यांच्या मुलांना देत आलो. आज येईल ते उद्या त्यांच्या घरी परत द्यायचं असतं." मग हळूच म्हणाली, "खरं सांगू? हॉल, जेवण, सगळं मिळून खर्च फार. मी जादा पाळ्या केल्या. पण सासूबाईंची इच्छा होती." हे ऐकताना आपल्याकडच्या किती लग्नघरांतल्या आया मला आठवल्या!

नोव्हेंबरातल्या शनिवारी हॉल गच्च भरला होता. चटया आणि रंगीत गोधड्या अंथरलेल्या खुर्चीवर मुलगा बसला होता. केसांच्या कितीतरी बटा करून प्रत्येकीला फीत बांधली होती. एकेकाचं नाव पुकारायचं. त्यानं उठून एक बट कापायची, पाकीट द्यायचं आणि मुलाला जवळ घ्यायचं. बाजूच्या टेबलावर एक बाई वहीत लिहून घेत होत्या. आहेराची वही हो, दुसरं काय! माझं नाव पुकारलं तेव्हा कात्री धरलेला माझा हात थरथरला. ज्या केसांवरून मी त्याला हसले होते, तेच कापायला त्यानं मला बोलावलं होतं.

निघताना प्रत्येकाला शिदोरी मिळते. डुकराचं मांस, मासे, अळूचे कंद. आम्ही शाकाहारी, म्हणून आजीनं आमच्यासाठी 'टाकीही' बांधून दिलं. कृती सोपी आहे. अळूचे कंद सोलून पातळ चकत्या करायच्या, पिकलेल्या पपईच्याही करायच्या. केळीच्या पानावर एक थर अळूचा, एक पपईचा असे रचून चिमूटभर मीठ आणि नारळाचं दाट दूध घालायचं. पान घट्ट गुंडाळून ते भट्टीत भाजतात. आपण कुकरला शिटी न लावता तासभर वाफवावं. अळूकुड्या चालतील, पण सुरी लोण्यात जावी इतक्या मऊ शिजायला हव्यात, नाहीतर घसा खाजेल.

जेवताना आजी माझ्याजवळ बसली. बेटावर आता जेमतेम सतराशे माणसं उरलीत आणि न्यूझीलंडात त्यांची तीस हजारांवर. १९७० च्या सुमारास विमानतळ झाला आणि माणसं विमानात बसून निघाली. २००४ सालच्या हेटा वादळानं कितीतरी घरंही मोडली. "केस कापायला सगळी येतात," आजी म्हणाली. "पण नातू माझ्याशी इंग्रजीत बोलतो. नमस्कार येतो, भांडण येत नाही. आपल्या भाषेत भांडता आलं पाहिजे."

घरी आल्यावर आमच्या नऊ वर्षांच्या लेकीनं साताऱ्याला आजीला फोन लावला. "हाय आजी, हाऊ आर यू?" पलीकडे नेहमीसारखी शांतता. सासूबाईंना काय बोलावं सुचत नाही, आणि त्या फोन माझ्याकडे द्यायला सांगतात. त्या दिवशी मी फोन घेतला नाही. म्हटलं, "आजीला विचार, अळूचं फदफदं कसं करतात. आणि मराठीत विचार." दोघींचं पाच मिनिटं चाललं होतं. निम्मं चुकीचं, निम्मं हसण्यावारी. पण शेवटी लेक चिडून ओरडली, "अगं आजी, हळू सांग ना!"

मला आजीचं भांडण आठवलं. सुरुवात तर झाली.